समुद्राकाठचा जुना ट्रॅक्टर सुरू होत नाही? पाना उचलण्याआधी हे बघा

मुंबईतले ट्रॅक्टर नांगराला जुंपलेले नसतात. चौपाटीची साफसफाई, तबेल्यांचा चारा, पाण्याचे टँकर, बांधकामावरची वाळू-खडी आणि भाद्रपदात विसर्जनाच्या ट्रॉल्या, अशी त्यांची कामं. वर्षातले काही दिवस मरमर राबायचं आणि उरलेले महिने खाऱ्या वाऱ्यात, पावसात, एखाद्या ताडपत्रीखाली उभं राहायचं. शेतावरच्या ट्रॅक्टरपेक्षा इथल्या ट्रॅक्टरचे आजार वेगळे असतात ते यामुळेच. साठच्या दशकात कांदिवलीच्या कारखान्यातून निघालेला बी-२७५ असो, मॅसी असो की एस्कॉर्ट्स, ही जुनी डिझेल इंजिनं सहजासहजी मरत नाहीत. मरतात त्या वायरी, बॅटरीला ट्रॅक्टरच्या बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी, इंजिन बंद करायची स्टॉपची तार आणि टाकीतलं डिझेल. तरीही मेकॅनिक आला की पहिल्यांदा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) उतरवतो, मग डिझेलचा पंप उतरवतो, आणि हजारो रुपये गेल्यावर कळतं की लगखाली, म्हणजे बॅटरीच्या तारेच्या टोकाच्या पकडीखाली, मीठ साचलं होतं.

म्हणून क्रम पाळा. आधी वीज, मग डिझेल, मग हवा, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब.

हात लावण्याआधी

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये आहे ना, हँडब्रेक ओढलाय ना, चाकाखाली दगड आहे ना, हे रोज बघायचं असलं तरी बिघाड शोधताना दोनदा बघा. सेल्फच्या दोन टर्मिनलवर पेचकस आडवा टाकून ट्रॅक्टर 'क्रॉस' करून सुरू करायची सवय बऱ्याच जणांना असते. मोठ्या चाकाच्या पुढे उभं राहून हे केलं आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये असला, तर तो सुरू होताक्षणी पुढे उसळतो आणि मागचं चाक अंगावरून जातं. क्लचचा किंवा गिअरचा सेफ्टी स्विच यातून बाजूला पडतो, त्यामुळे थांबवणारं काहीच उरत नाही. अशी माणसं दगावली आहेत. सुरू करायचा तो सीटवर बसूनच.

ट्रॅक्टर तीन-चार महिने उभा असेल तर किल्ली मारण्याआधी इंजिन हाताने फिरवून बघा. फॅनच्या खालच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. कॉम्प्रेशनला जड लागेल आणि मग 'स्स' करत सुटेल. हे बरोबर आहे. एका जागी दगडासारखं अडलं तर जोर लावू नका. सायलेन्सरच्या उघड्या तोंडातून पावसाचं पाणी सिलिंडरमध्ये उतरलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, आणि सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी सगळे इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढायचे, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर टाकायचं आणि मगच पुढे जायचं. इंजेक्टर काढल्यावरही अडत असेल तर पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटल्या आहेत. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइलचं अर्धं-अर्धं मिश्रण सोडा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुली पुढे-मागे हलवत सोडवा. इंजेक्टर परत बसवण्याआधी उरलेलं ऑइल इंजिन फिरवून बाहेर उडवायला विसरू नका.

सखल भागात उभा असलेला ट्रॅक्टर पावसात बुडाला असेल तर सेल्फ मारायचाच नाही. डिपस्टिक ओढा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर इंजिनमध्ये पाणी आहे. ऑइल, गिअरचं ऑइल, टाकीतलं डिझेल, एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल, सगळं काढून टाकल्याशिवाय पुढची पायरी नाही.

किल्ली मारा आणि ऐका

हेडलाइट लावा, किल्ली मारा, आणि लाइटकडे बघत कान द्या. निम्मं निदान इथेच होतं.

लाइट लख्ख राहतो आणि आवाजच नाही: बॅटरी ठीक आहे, पण सेल्फपर्यंत हुकूम पोचत नाही. किल्लीचा स्विच, सेफ्टी स्विच, सोलेनॉइडची (सेल्फला वीज जोडून देणाऱ्या स्विचची) बारीक वायर यांपैकी काहीतरी.

लाइट एकदम विझतो: कुठेतरी जोड सुटल्यासारखा आहे. बहुतेक वेळा बॅटरीचं लग.

लाइट मंद होतो आणि टक-टक-टक-टक असा झपाट्याने आवाज येतो: बॅटरी उतरली आहे किंवा जोडाला मीठ लागलंय.

एकच जड 'टक्' आणि पुढे काही नाही: सोलेनॉइड ओढतोय, पण आतली तांब्याची चकती जळली आहे, किंवा सेल्फचे कार्बन ब्रश झिजून संपले आहेत, किंवा इंजिनच अडकलंय.

नुसतं 'घुर्र' असं मोकळं फिरणं: सेल्फ फिरतोय, पण त्याचं पुढे सरकणारं दातेरी चाक (बेंडिक्स) इंजिनच्या जड चाकाच्या (फ्लायव्हीलच्या) दातांत शिरत नाही.

इंजिन फिरतं पण दमल्यासारखं: वीज कमी पोचते. इथे फसगत होते. डिझेल इंजिनला पेटायला उष्णता मिळते ती हवा वेगाने दाबल्यामुळे. इंजिन हळू फिरलं तर दाबलेल्या हवेची उष्णता भिंतींत निघून जाते आणि डिझेल पेटत नाही. लोक मग डिझेलची हवा काढत बसतात, पंपाला दोष देतात, आणि खरा दोष बॅटरीच्या तारेत असतो.

वीज: मीठ कुठे लपतं

बॅटरीची साधी तपासणी मल्टीमीटरने होते. रात्रभर शांत राहिलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवत असेल तर भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. पण नुसत्या या आकड्यावर विसंबू नका. सेल्फ मारताना कुणाला तरी मीटरकडे बघायला सांगा. व्होल्टेज ९.५ च्या खाली कोसळलं तर बॅटरी आतून गेली आहे किंवा चार्ज नाही. हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) असेल तर बॅटरीच्या प्रत्येक घरातल्या ॲसिडची घनता बघा. पाच घरं १.२४ आणि एक घर १.१० अशी तफावत असेल तर ती बॅटरी कितीही चार्ज करा, सकाळी परत उतरलेली मिळेल. बॅटरी चार्ज करायची ती तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने. ८८ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर ८-९ अँपिअरवर, दहा-बारा तास. घरं उघडी असलेल्या बॅटरीत पाणी घालायचं ते डिस्टिल्डच. प्लेटच्या वर बोटाच्या अर्ध्या पेराइतकं पुरे.

आता लग. सोडवा, आतून बघा. खांबावर हिरवट-पांढरी, मिठाच्या खड्यासारखी बुरशी दिसेल. आधी निगेटिव्ह सोडायचं आणि शेवटी निगेटिव्हच जोडायचं, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. कपभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा कालवून ओता, फसफस थांबेपर्यंत जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या घरात जाऊ देऊ नका. खांब आणि लगाची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, लग घट्ट आवळा, आणि मग वरून व्हॅसलिन लावा. व्हॅसलिन आधी लावून लग बसवणारे बरेच आहेत. धातूला धातू भिडल्यावरच वरून थर द्यायचा, खारी हवा आत जाऊ नये म्हणून.

समुद्राजवळचा सगळ्यात फसवा दोष तारेच्या आत असतो. वरून रबर छान काळं, मऊ, कुठे चीर नाही. लगापासून दोन इंच मागे रबर चाकूने सोलून बघा. आतलं तांबं लालसर चमकायला हवं. ते काळं, निस्तेज, बोटाने चोळलं की भुकटी सुटणारं असेल, तर मीठ तारेच्या बारीक केसांतून वर चढलं आहे. अशी तार लाइट पेटवेल, हॉर्न वाजवेल, पण सेल्फला लागणारे शेकडो अँपिअर नेऊ शकणार नाही. ती कापून नवी लग बसवण्यात अर्थ नाही, पूर्ण तार बदला. जाड तार आणि तांब्याची लग लोहार चाळीत मिळते. तार कापून घेताना तिथेच लग दाबून घ्या, हातोडीने ठोकलेली लग वर्षभरात सैल होते.

तार खराब आहे की नाही हे न सोलताही कळतं. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, खांबावरच, लगावर नाही. दुसरं टोक सेल्फच्या जाड बोल्टवर. आता सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढी वीज वाटेतच मरते आहे. मग तसंच निगेटिव्ह खांब आणि इंजिनच्या ब्लॉकचा उघडा धातू यांच्यात बघा. इथेही अर्ध्या व्होल्टच्या आतच हवं. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरवर हा दुसरा आकडाच वाईट येतो, कारण अर्थिंगची पट्टी रंगावर, गंजावर किंवा मातीवर आवळलेली असते. पट्टी सोडा, खालचा धातू पॉलिश पेपरने पांढरा करा, दातेरी वॉशर घालून परत आवळा. दहा मिनिटांचं हे काम झाल्यावर मेलेला वाटणारा सेल्फ झपाट्याने फिरायला लागतो.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जम्प देताना आधी बघा की तुमच्या ट्रॅक्टरचा कोणता खांब बॉडीला गेला आहे. काही जुन्या विलायती बनावटीच्या ट्रॅक्टरवर पॉझिटिव्ह अर्थ असतो. ट्रक २४ व्होल्टचा असेल तर त्याच्यावरून जम्प घेऊच नका.

सेल्फपर्यंत हुकूम पोचत नसेल तर टेस्ट लॅम्प सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला लावून किल्ली मारून घ्या. लॅम्प पेटला तर दोष सोलेनॉइड किंवा सेल्फचा. नाही पेटला तर मागे मागे या: सेफ्टी स्विच, किल्लीचा स्विच, फ्यूज, आणि वायरिंगवर उंदराचे दात. पार्किंगमध्ये उभ्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डमागे उंदीर घर करतात आणि वायरीचं रबर कुरतडतात. हात घालून एकदा चाचपून बघा.

बेंडिक्स अडकत असेल तर सेल्फ उतरवून स्क्रूचे आटे रॉकेलने धुवा आणि कोरडे करा. ग्रीस फासू नका. वाळू आणि क्लचची धूळ ग्रीसला चिकटून महिन्याभरात पुन्हा तेच होईल. फ्लायव्हीलच्या रिंगचे दात झिजले असतील तर ओळखण्याची खूण अशी: चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना जवळजवळ ठरलेल्या दोन जागांवरच थांबतं, तीन सिलिंडरचं तीन जागांवर. सेल्फ दर वेळी तिथेच आपटतो, म्हणून दात तिथेच झिजतात. पुली हाताने थोडी फिरवल्यावर सेल्फ पकडत असेल तर दोष रिंगचाच.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर थांबा. सतत मारत राहिलं की सेल्फच्या आतली टाक्याची जोडणी वितळते, आणि मग खरोखरच सेल्फ उतरवावा लागतो.

इंजिन छान फिरतं, पण पेटत नाही

आता सायलेन्सरकडे बघा. इंजिन फिरताना धूरच नसेल तर सिलिंडरमध्ये डिझेल जात नाही. पांढरा धूर आणि डोळ्यांना झोंबणारा वास असेल तर डिझेल जातंय पण जळत नाही. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर, हवा कमी.

धूर नसेल तर पहिली गोष्ट: स्टॉपची तार. डॅशवरचा नॉब आत ढकलला म्हणून पंपावरचा लिव्हर परत आला असेलच असं नाही. समुद्राकाठी ही तार नळीतच गंजते, नॉब आत जातो आणि तार मधेच वाकते. खाली वाकून पंपावरचा लिव्हर प्रत्यक्ष बोटाने चालू बाजूला न्या. किती ट्रॅक्टर फक्त एवढ्यानेच सुरू होतात! तार नवी टाकताना नळीत दोन थेंब ऑइल सोडा.

मग टाकी. काटा बघू नका, काठी घालून बघा. टाकीखालचा कॉक उघडा आहे ना? झाकणाचं बारीक भोक बुजलेलं नाही ना? हे भोक बुजलं की डिझेल खाली जाताना टाकीत पोकळी तयार होते. ट्रॅक्टर सुरू होतो, पाच-दहा मिनिटं चालतो आणि गुदमरून बंद पडतो. झाकण सैल करून चालू राहिला तर दोष सापडला.

त्यानंतर डिझेलच. फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडून काचेच्या पारदर्शक बाटलीत पावभर डिझेल घ्या आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर पडेल, मध्ये स्पष्ट रेघ दिसेल. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री थंड होते, आणि आतल्या दमट हवेतलं पाणी भिंतींवरून तळाशी उतरतं. अशा पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर काळपट, शेवाळासारखी बुळबुळीत घाण वाढते. ती फिल्टरच्या कागदावर बसली की डिझेल जातच नाही. टाकीचा तळाचा स्क्रू काढून सगळं खाली करा, जाळी धुवा, आणि दोन फिल्टर असतील तर दोन्ही बदला. एकच बदलून दुसरा तसाच ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. नवा फिल्टर बसवताना जुना रबराचा रिंग वाडग्याच्या खाचेत चिकटून राहिला नाही ना, हे बोट फिरवून बघा. जुन्यावर नवा रिंग बसला की तिथून हवा शिरते.

हवा काढणं

फिल्टर बदलला, टाकी रिकामी झाली किंवा कुठला पाइप सोडला की लाइनमध्ये हवा शिरते. डिझेल दाबलं तर दाब तयार होतो, हवा दाबली तर ती नुसती आकसते. त्यामुळे पंप कितीही मारला तरी इंजेक्टर उघडत नाही. इंजेक्टर उघडायला चौरस सेंटिमीटरला साधारण २०० किलोच्या आसपास दाब लागतो.

आधी फिल्टर, पंप आणि पाइपांच्या नटांवरची माती ब्रशने झाडा. वाळूचा एक कण पंपात गेला तर पंपाचं काम निघतं. टाकी निम्म्याहून जास्त भरा. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे ढिला करा आणि हँड प्रायमर (डिझेल हाताने पुढे ढकलायचा पंप) मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार बुडबुड्याविना वाहत असतानाच स्क्रू आवळा, प्रायमर मारणं थांबवून नाही. दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा आधी, पंपाकडचा नंतर.

प्रायमर मारताना हाताला काहीच जोर लागत नसेल तर घाबरू नका. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या ज्या फीड पंपाला बाजूला लिव्हर असतो, त्याचा कॅम वरच्या बाजूला थांबलेला असतो आणि लिव्हरला फिरायला जागा उरत नाही. इंजिन पुलीने एक फेरा फिरवा, लिव्हर जिवंत होईल. दट्ट्याचा प्रायमर असेल तर काम झाल्यावर नॉब खाली दाबून आटे पूर्ण फिरवून बंद करा. अर्धवट राहिला तर तिथूनच हवा ओढली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून.

मग पंप. मिको कंपनीच्या लांबट, सरळ रांगेच्या पंपावर डिझेलच्या गॅलरीला (आतल्या डिझेलच्या वाटेला) हवेचा स्क्रू असतो. गोलसर रोटरी पंपावर दोन स्क्रू असतात: एक पंपाच्या अंगाला बाजूला, दुसरा वर गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग आवरणाऱ्या भागाच्या) घरावर. आधी खालचा, मग वरचा. रोटरी पंपात एकदा पूर्ण हवा भरली तर त्याला वेळ लागतो, घाई करून उपयोग नाही.

शेवटी इंजेक्टरकडच्या टोकाचे हाय प्रेशर पाइपांचे नट. साधारण १७ किंवा १९ चा पाना लागतो. सगळे नट अर्धा ते एक आटा ढिले करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, स्टॉप आत आहे याची खात्री करा आणि सेल्फ मारा. नटांच्या कडेने डिझेल ठिबकायला, मग झटके देत उडायला लागेल. एकेक नट आवळत जा. तीन सिलिंडरपैकी दोन आवळेपर्यंत इंजिन बहुतेक पेटतंच. या वेळी हात आणि तोंड नटाच्या रेषेत नको. इतक्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आत मांस सडतं. असं झालं तर बँडेज लावून घरी बसू नका, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलला जा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

हवा काढल्यावर ट्रॅक्टर चालतो पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असं होत असेल तर हवा कुठूनतरी शिरते आहे. गळती शोधताना लोक ओले डाग शोधतात. पण टाकी आणि फीड पंप यांच्यामधला भाग ओढणीचा आहे. तिथे इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून जोड कोरडाच दिसतो. निदान करायची खात्रीची रीत: दोन लिटरचा स्वच्छ कॅन ट्रॅक्टरपेक्षा उंच बांधा, त्यात गाळलेलं डिझेल घ्या आणि डिझेलच्या पाइपने थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. हवा काढून सुरू करा. आता ट्रॅक्टर तासभर न थांबता चालला तर पंप निर्दोष आहे, दोष टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात, कॉकमध्ये किंवा जोडात. पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर चपटे झाले की हमखास हवा घेतात. नागदेवी स्ट्रीटवर नवे मिळतात, मापाला जुना घेऊन जा. अडलंच तर जुना वॉशर गॅसवर लालबुंद करून थंड करा. तांबं मऊ होतं आणि एकदा वापरता येतं.

सगळी हवा गेली, फीड पंप डिझेल देतो, तरी इंजेक्टरच्या नटाशी थेंब नाही. तेव्हा मिको पंपाची बाजूची पट्टी उघडून आतला रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) बोटाने हलवून बघा. महिनोन् महिने उभ्या ट्रॅक्टरमध्ये तो चिकटतो. स्वच्छ डिझेल घालून हळूच मोकळा होत असेल तर ठीक. त्यापुढे पंप स्वतः खोलू नका. पंपाच्या आतले भाग हजाराव्या मिलिमीटरच्या मापाने बसवलेले असतात, ते काम टेस्ट बेंच असलेल्या पंप सर्व्हिसवाल्याचं आहे.

पांढरा धूर, काळा धूर

काळ्या धुराचं उत्तर बहुतेक वेळा एअर क्लीनरमध्ये असतं. ऑइल बाथची वाटी काढा. पावसाचं पाणी शिरून तेल पांढरट झालं असेल तर टाकून द्या, वाटी धुवा आणि खुणेपर्यंतच नवं इंजिन ऑइल भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन तेच तेल ओढून घेतं. आत येणाऱ्या पाइपात मातीचं कुंभारणीचं घर असू शकतं. टॉर्चचा प्रकाश टाकून बघा, काठीने ढकलून आत पाडू नका.

पांढरा धूर म्हणजे डिझेलची वाफ. इंजिन हळू फिरत असेल तर पुन्हा विजेकडे जा. वेगाने फिरत असूनही पांढरा धूर असेल तर कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह किंवा इंजेक्टर. इथे मुंबईचा एक फायदा आहे. इथल्या थंडीत पारा १५ अंशांच्या आसपास खाली आला तरी त्याची बातमी होते. निरोगी डिझेल इंजिनाला एवढ्या उबेत सुरू व्हायला अवघड जात नाही. त्यामुळे इथे ट्रॅक्टरला सकाळी गरम पाणी, जळता बोळा किंवा ईथरचा स्प्रे लागत असेल तर हवामानाला दोष देऊ नका, इंजिन दमलंय. ईथर तर वापरूच नका. हीटर किंवा ग्लो प्लग असलेल्या इंजिनात तो वेळेआधी भडकतो आणि पिस्टन फोडतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांडीमधला गॅप, आधी तपासा, कारण ते स्वस्तातलं काम आहे. गॅप नाहीसा झाला असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. गॅप तुमच्या इंजिनच्या पुस्तकात दिलेलाच ठेवा, शेजारच्या ट्रॅक्टरचा नको. मग ऑइल भरायचं झाकण उघडून सेल्फ मारून घ्या. तोंडातून झटक्याझटक्याने वाफ येत असेल तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. फिरवताना पाण्यात बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट. त्यानंतर इंजेक्टर काढून कॉम्प्रेशन गेजने मोजून घ्या. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खूपच मागे असेल तर तो पेटत नाही. तिथून पुढे हेड उतरवणंच आलं.

पावसाळ्याआधीचं अर्ध्या दिवसाचं काम

मे संपताना हे केलं की गणपतीच्या आधी मेकॅनिकच्या मागे धावावं लागत नाही. टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत दमट हवेला जागाच नाही. फिल्टरखालचं पाणी सोडा. बॅटरी काढून घरात लाकडी फळीवर ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. सेल्फचे आणि अर्थिंगचे बोल्ट साफ करून व्हॅसलिन लावा. स्टॉपची तार दोन-चार वेळा आत-बाहेर करून ऑइल सोडा. दर पंधरा दिवसांनी इंजिन पुलीने दोन फेरे फिरवा. क्लच पेडल लाकडाच्या ठोकळ्याने दाबून ठेवा, नाहीतर दमटपणाने प्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि मग गिअर पडत नाही.

सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घाला आणि एअर क्लीनरच्या तोंडाला कापड बांधा. आणि एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून तो स्टिअरिंगला दोरीने बांधा: डबा काढा, कापड काढा, ठोकळा काढा, बॅटरी घरात आहे. चार महिन्यांनी ट्रॅक्टरवर चढणारा माणूस दुसराच असू शकतो.